लाल खडकांच्या गावी उंच जीपची चाल

अमेरिकेतील यूटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, कोलोराडो नदीच्या काठी मोआब नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाहूनही लहान. पण ईस्टरच्या आठवड्यात येथल्या मुख्य रस्त्याच्या कडेला उभे राहिले तर वाटावे, साऱ्या अमेरिकेतल्या जीपगाड्यांची जत्राच भरली आहे. लाल, पिवळ्या, हिरव्या, काही धुळीने माखलेल्या तर काही कालच शोरूममधून निघाल्यासारख्या चकचकीत. त्यांतल्या बहुतेकींमध्ये एक गोष्ट सारखी असते. त्या मूळ उंचीपेक्षा तीन-चार इंच वर उचललेल्या असतात आणि त्यांची चाके सात-आठ वर्षांच्या मुलाच्या छातीला लागतील एवढी मोठी असतात.

सामान्य पर्यटक मोआबला येतो तो दोन राष्ट्रीय उद्याने पाहण्यासाठी. गावापासून पाच मैलांवर आर्चेस उद्यान आहे. तेथे वाऱ्यापाण्याने कोरलेल्या दोन हजारांहून अधिक नैसर्गिक दगडी कमानी आहेत. थोडे पुढे कॅनियनलँड्स. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाच्या कड्यावर उभे राहिले की खाली दऱ्यांत दऱ्या उघडत गेलेल्या दिसतात आणि बोलणे आपोआप थांबते. दोन्हीकडे उत्तम डांबरी रस्ते आहेत, साधी मोटारही पुरते. जीपवाल्यांचे मोआब मात्र या रस्त्यांवरून दिसत नाही. ते गावाच्या पूर्वेला, सँड फ्लॅट्सच्या उघड्या खडकांवर सुरू होते.

युरेनियमच्या वाटा

हे खडक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या. वाळू दबून दगड झाली, पण टेकड्यांचा गोलवा तसाच राहिला. याला स्थानिक लोक ‘स्लिकरॉक’ म्हणजे निसरडा खडक म्हणतात. पूर्वी घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून घसरत, म्हणून हे नाव पडले. गंमत अशी की रबरी टायर याच खडकाला विलक्षण घट्ट धरतो. पायी चढताना छातीत धडकी भरेल अशा उतारावर जीप सावकाश, पाल भिंतीवर चढावी तशी चढत जाते.

या भागातील जीपच्या वाटा पर्यटकांसाठी कोणी आखल्या नव्हत्या. १९५० च्या दशकात अमेरिकेला अणुबॉम्बसाठी युरेनियम हवे होते आणि ते शोधणारे लोक लष्कराने विकून टाकलेल्या जुन्या जीप घेऊन या ओसाड प्रदेशात शिरले. चार्ली स्टीन हा त्यांपैकीच एक भूगर्भशास्त्रज्ञ. बायको आणि लहान मुलांसह तो मिळेल त्या झोपडीत दिवस काढत होता. १९५२ मध्ये त्याच्या छिद्रयंत्रातून दगडाचा एक काळा तुकडा निघाला. त्याला अपेक्षा होती पिवळ्या खनिजाची, त्यामुळे त्याने त्या तुकड्याकडे फारसे लक्ष दिले नाही. नंतर गायगर काउंटरजवळ तो तुकडा धरला तेव्हा काटा थेट टोकाला गेला. ‘मी विदा’ नावाची त्याची खाण पुढे प्रसिद्ध झाली आणि मोआबचे नशीब पालटले. खाणींपर्यंत पोहोचण्यासाठी बुलडोझरने ओरबाडलेले ते रस्तेच आजच्या जीपवाटा आहेत. त्या सुबत्तेची किंमतही गावाला मोजावी लागली. नदीकाठी साठलेला किरणोत्सारी चोथा उचलून दूर नेण्याचे काम २००९ मध्ये सुरू झाले, यावरून त्या ढिगाची कल्पना यावी.

खाणी थंडावल्यावर गावाला दुसरा आधार हवा होता. १९६७ मध्ये गावच्या व्यापारी मंडळाने ईस्टरच्या शनिवारी जीपची एक दिवसाची सहल काढली. तीच आजची ‘ईस्टर जीप सफारी’. आता ती नऊ दिवस चालते.

खरी परीक्षा डांबरी रस्त्यावर

जीप वर का उचलतात, हे खडकावर गेल्यावर लगेच कळते. ‘हेल्स रिव्हेंज’ म्हणजे ‘नरकाचा सूड’ असे भयंकर नाव असलेली वाट खडकावर रंगवलेल्या ज्वालांच्या खुणांनी दाखवलेली आहे. तेथे पायऱ्यांसारखे दगड आहेत, रांजणासारखे खोल खड्डे आहेत. गाडीचे पोट दगडाला घासू नये म्हणून मोठी चाके हवीत आणि मोठी चाके मडगार्डला घासू नयेत म्हणून गाडी उंच हवी. लांब स्प्रिंगा घातल्या की गाडी चार इंच वर जाते. दिसतेही रुबाबदार. बहुतेक मालक इथेच थांबतात.

खडकावर यात काहीच खटकत नाही, कारण तेथे वेग माणसाच्या चालण्याएवढा असतो. दोष कळतो तो परतीच्या वाटेवर. समजा, डेन्व्हरला राहणाऱ्या एखाद्या तरुण जोडप्याने आधीच्या मालकाने चार इंच उचललेली जुनी रँग्लर जीप घेतली आहे. डेन्व्हर ते मोआब हे अंतर साडेपाचशे किलोमीटरहून अधिक, तेही रॉकी पर्वत ओलांडून. मागच्या सीटवर मुले झोपली आहेत, शेजारून अजस्र ट्रक जात आहेत आणि गाडी सरळ धावायला तयार नाही. ती कधी डावीकडे सरकते, कधी उजवीकडे. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून मधोमध येत नाही, ते हाताने परत आणावे लागते. दोन तासांत खांदे भरून येतात. नवरा म्हणतो, “एवढ्या उंच गाडीचे असेच असते.” हा मोठाच गैरसमज आहे.

यामागचे कारण समजायला सायकल आठवावी. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तो वरच्या बाजूने मागे झुकलेला असतो. हँडल सोडून सायकल चालवणारी मुले या झुकावाच्या बऱ्याच उपकाराखाली असतात. मोटारीतही पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते, तो आस वरून थोडा मागे कललेला असतो. याला कॅस्टर म्हणतात. मॉडेलनुसार रँग्लरमध्ये हा कल साधारण चार ते सात अंशांचा असतो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, तेवढीच ही गोष्ट. पण त्यामुळेच चाक वळणानंतर पुन्हा सरळ व्हायला धडपडते.

रँग्लरचा पुढचा धुरा अखंड असतो आणि चार लोखंडी दांडे, म्हणजे कंट्रोल आर्म, त्याला मागच्या बाजूने चौकटीला जोडतात. मूळ उंचीला हे आर्म बरेचसे आडवे असतात. गाडी उचलली की ते तिरपे होतात. त्याबरोबर धुरा किंचित मागे ओढला जातो आणि त्याचा वरचा भाग पुढे कलतो. चार-पाच अंशांतले दोनेक अंश असेच निसटतात. गाडी उंच झालेली सगळ्यांना दिसते, हे दोन अंश कुणालाच दिसत नाहीत.

गाडीखाली झोपून

मोआबमध्ये आणि तिच्याकडे येणाऱ्या रस्त्यांवरच्या गावांत हे काम जाणणारी गॅरेजेस आहेत. चांगला मेकॅनिक नव्या स्प्रिंगांच्या किमतीबद्दल बोलण्याआधी गाडीखाली झोपून आर्मचे कोन पाहतो.

गेलेला कल परत आणण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाची काही ना काही किंमत आहे. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे कमी-जास्त करता येणारे आर्म बसवणे. खालचे आर्म थोडे लांब केले की धुऱ्याचा खालचा भाग पुढे ढकलला जातो आणि वरचा भाग मागे झुकतो. वरचे आर्म आखूड करूनही हेच साधते. दुसरा मार्ग, आर्म चौकटीला जेथे जोडलेले असतात तो बिंदूच जाड पत्र्याच्या ब्रॅकेटने खाली आणणे. आर्म पुन्हा आडवे होतात, कल परत येतो आणि रस्त्यावरचे धक्केही मऊ होतात. रोज शहरात फिरून वर्षातून दोनदा डोंगरात जाणाऱ्यांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा. पण हे ब्रॅकेट खाली लोंबतात आणि ज्या दगडांवरून जाण्यासाठी गाडी उंच केली, त्याच दगडांवर आपटतात. थोडाच फरक हवा असेल तर केवळ विक्षिप्त बोल्ट, म्हणजे ज्यांचा मध्य बाजूला सरकवलेला असतो असे कॅम बोल्ट, पुरतात.

एक अडचण मात्र सर्वांनाच भेडसावते. इंजिनाची शक्ती पुढच्या धुऱ्याला देणारा प्रॉपेलर शाफ्ट ज्या पिनियनला जोडलेला असतो, तो धुऱ्याबरोबरच फिरतो. चाकांचा कल वाढवला की पिनियनचे तोंड खाली जाते, शाफ्टचा सांधा अधिक वाकतो आणि वेगात गाडी घुमू लागते. अनेक मॉडेलमध्ये हा शाफ्ट फोर-व्हील ड्राइव्ह नसतानाही फिरतच असतो, त्यामुळे सुटका नाही. म्हणूनच पुस्तकातला आकडा हट्टाने गाठण्यापेक्षा गाडी सरळ धावेल आणि शाफ्टही घुमणार नाही अशी जागा शोधावी लागते. हट्टी लोक धुऱ्याच्या टोकांचे वेल्डिंग कापून ती टोके हव्या त्या कोनात फिरवून पुन्हा जोडतात. त्यात दोन्ही गोष्टी साधतात, पण हे काम ऐऱ्यागैऱ्याचे नव्हे.

जुन्या जीपला स्प्रिंगांऐवजी पोलादी पाट्यांच्या कमानी असत. तेथे उपाय अगदी सुताराचा होता. कमान आणि धुरा यांच्यामध्ये दोन-चार अंशांची लोखंडी पाचर ठोकायची. ज्या जीपची शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असे, तिची उंची वाढवण्यासाठी लांब शॅकल लावणारे लोक गाडी वर आणि कल खाली अशी उलटी कमाई करून घेत. मग पाचर शोधत फिरत.

दुसरा सांधा

कॅस्टर सुधारला म्हणजे काम संपले असे नाही. धुरा डावीकडे-उजवीकडे सरकू नये म्हणून एक लांब दांडा आडवा लावलेला असतो. त्याचे एक टोक चौकटीला आणि दुसरे धुऱ्याला जोडलेले असते. याला ट्रॅक बार म्हणतात. गाडी उंच झाली की हा दांडा तिरपा होतो. दांड्याची लांबी तर तीच राहते, मग आडवे अंतर कमी होणारच. शाळेतला पायथागोरस येथे उपयोगी पडतो. सुमारे ८३ सेंटिमीटरचा दांडा आधी १० सेंटिमीटर उतरता असेल आणि गाडी आणखी १० सेंटिमीटर उचलली, तर धुरा जवळपास दोन सेंटिमीटर बाजूला ओढला जातो. मागून पाहिले तर पुढची चाके मागच्या चाकांच्या रेषेत नसतात. लांबी बदलता येणारा बार लावला की धुरा मध्यावर येतो. धुऱ्यावरचा ब्रॅकेट उंच केला तर बारचा तिरपेपणाही कमी होतो.

या बारच्या जवळच आणखी एक दांडा असतो, ड्रॅग लिंक. स्टिअरिंगची हालचाल तो चाकापर्यंत पोहोचवतो. हे दोन दांडे नेहमी समांतर असले पाहिजेत. खड्ड्यात चाक वर उचलले गेले की दोन्ही दांड्यांनी एकाच चालीने हलायचे असते. एक जास्त तिरपा आणि दुसरा कमी, असे झाले की प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी आपणहून वळू पाहते. पुष्कळ हौशी मालक ड्रॅग लिंकचे टोक खाली आणणारा सुटा भाग विकत आणून बसवतात आणि ट्रॅक बार तसाच ठेवतात. दोष दुरुस्त करण्याच्या नादात नवा दोष विकत घेण्याचा हा प्रकार.

सर्वांत शेवटी टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे पुढे अगदी किंचित, दोन-तीन मिलिमीटर, एकमेकांकडे वळवणे. मग ड्रॅग लिंकवरच्या फिरकीने स्टिअरिंग मधोमध आणणे. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. अलीकडच्या गाड्यांत तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. स्टिअरिंग वाकडे असेल तर गाडी वळत आहे असे समजून ती सरळ रस्त्यावर एखाद्या चाकाचा ब्रेक लावू शकते.

बोल्टही गाडी जॅकवर असताना पक्के आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उतरवावी, तिच्या वजनाने तिला बसू द्यावे आणि मगच शेवटचा पाना फिरवावा. हवेत आवळले तर आतले रबरी बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. काहीशे किलोमीटर चालल्यावर, विशेषतः खडकांवरून आल्यावर, सारे बोल्ट पुन्हा तपासावे लागतात.

ही कटकट न केल्यास काय होते? जीपवाल्यांच्या भाषेत त्याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगात पुलाचा सांधा किंवा छोटा खड्डा येतो आणि अख्खा पुढचा धुरा चवताळल्यासारखा थडथडू लागतो. स्टिअरिंग हातात राहत नाही. बहुधा ट्रॅक बारचा ढिला बोल्ट, झिजलेला बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचे खिळखिळे टोक हे त्याचे मूळ असते आणि बिघडलेले कोन त्याला हातभार लावतात. अशा वेळी घाबरून करकचून ब्रेक मारू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग घट्ट पण शांतपणे धरावे आणि वेग उतरू द्यावा. गाडी थांबल्यावर ती तशीच घरी नेण्याचा मोह आवरावा. बाजारात या थरथरीवर जाड स्टिअरिंग डॅम्पर हमखास उपाय म्हणून विकला जातो. तो ताप दाबणाऱ्या गोळीसारखा आहे. थरथर काही दिवस दबते, ढिला बोल्ट ढिलाच राहतो.

आपल्याकडे

जीप आपल्याला परकी नाही. १९४७ पासून महिंद्रने विलीज जीपची जुळवणी भारतात सुरू केली आणि तिचे वंशज आपण खेडोपाडी पाहिले आहेत. नाशिकला तयार होणाऱ्या थारलाही मोठी चाके लावून उंच करण्याची हौस आपल्या तरुणांत वाढली आहे. पण २०२० च्या थारचा पुढचा धुरा अखंड नाही, दोन्ही चाके स्वतंत्र आर्मवर झुलतात. तेथे गाडी उचलली की बॉल जॉइंट आणि चाकाला शक्ती देणारे सांधे टोकापर्यंत वाकतात, चाकांचा उभेपणाही बदलतो. मोआबच्या जीपचा नुस्खा तिला जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय कायदाही आडवा येतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार वाहनात करता येत नाहीत. मुलाने हट्ट धरला तर आईवडिलांनी या दोन्ही गोष्टी त्याला आधीच सांगाव्यात.

केव्हा जावे, काय पाहावे

अमेरिकेत मुलामुलींकडे जाणाऱ्यांनी सॉल्ट लेक सिटी किंवा डेन्व्हरहून मोआबचा बेत आखावा. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. भर उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि खडक तव्यासारखे तापतात. ईस्टरच्या आठवड्यात मौज मोठी, पण खोल्या फार आधी ठरवाव्या लागतात. स्वतःची जीप असण्याची गरज नाही. गावात उंच केलेल्या जीप भाड्याने मिळतात, अनुभवी चालकासह सहलीही निघतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने चालक घेतलेलाच बरा. स्वतः चालवायची असेल तर भाड्याची गाडी ताब्यात घेताना आधी डांबरी रस्त्यावर एक फेरी मारावी. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मध्यावर येते का, सरळ रस्त्यावर ते सरळ राहते का, खड्ड्यात गाडी बाजूला उडी घेते का, एवढे पाहायला दहा मिनिटे लागतात. शंका आली तर दुसरी गाडी मागावी, संकोच करू नये.

वाट सोडून वाळूत उतरू नये. तेथे दिसणारी काळसर, खडबडीत मातीची साय सजीव आहे. एका पावलाने मोडलेला तिचा थर पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात.

संध्याकाळी सँड फ्लॅट्सवरून जीप गावात उतरू लागतात. खडकाला घट्ट धरावे म्हणून सकाळी टायरमधली हवा पंधरा-वीस पौंडांपर्यंत उतरवलेली असते. गावातल्या पंपांवर ती पुन्हा भरायला रांग लागते. बायका मुलांच्या चेहऱ्यांवरची लाल धूळ पुसतात, पुरुष वाकून सकाळी सोडवलेल्या स्वे बारच्या पिना पुन्हा बसवतात. एखादा कार्डबोर्ड पसरून त्यावर उताणा झोपतो आणि टॉर्चच्या उजेडात ट्रॅक बारच्या बोल्टला पाना लावून पाहतो. बोल्ट हलत नाही. तो उठून कपडे झटकतो, मुलांना आत बसवतो आणि गाडी १९१ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेकडे निघते. आंतरराज्य महामार्ग तेथून पन्नास किलोमीटरवर आहे.